फुलोरा येऊ दे, मग जाते

विभा, तुझ्या शोकसभेतून मी मधूनच उठून आले. लोकांना वाटलं मला रडू आवरेना. तसं नव्हतं. मला राग आवरत नव्हता.

आपल्या मंडळानं हॉल घेतला होता. टेबलावर तुझा फोटो होता, तोच गेल्या गणपतीतला, ज्यात तुझे डोळे अर्धवट मिटलेत आणि जो तुला अजिबात आवडत नव्हता. आपले साहेब, मल्होत्रा, पहिल्या रांगेत बसले होते. माइक हातात घेऊन म्हणाले, "विभाजी के लिए फील्ड ही मंदिर था. शी गेव्ह हर लाइफ टू द क्रॉप." टाळ्या वाजल्या नाहीत एवढंच. मग एक काकू उठल्या. त्या तुला आयुष्यात दोनदा भेटल्या असतील. म्हणाल्या, "काम करता करता गेली, भाग्याचं मरण!" पन्नाशीसुद्धा न गाठलेली बाई सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकते आणि उठतच नाही, यात कसलं भाग्य? शेवटच्या रांगेत तुझी रेवा बसली होती, हुडीची टोपी कपाळापर्यंत ओढून. काकूंचं वाक्य ऐकून तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत जे होतं तेच माझ्या मनात होतं. मी उठले आणि चालू लागले.

गाडीत बसून काचा वर केल्या आणि मोठमोठ्यानं तुझ्याशी भांडले. पार्किंगचा वॉचमन काच वाजवून विचारायला आला, "मॅडम, सब ठीक?" मी म्हटलं, सब ठीक. काही ठीक नव्हतं. म्हणून ते भांडण आता, इतक्या आठवड्यांनी, लिहिते आहे. लिहिताना निदान तू मध्येच तोंड घालणार नाहीस. घातलंस तर फार बरं होईल.

आपली ओळख लिफ्टमधली. इथं आखातात, खलिफा सिटीत, आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. तू उशीच्या अभ्र्यात बाजरीची कणसं भरून वर निघाली होतीस. मी विचारलं, "ये बाजरा है?" तू लगेच मराठीत म्हणालीस, "बाजरीच आहे. आणि तुम्ही हिंदी बोलू नका, तुमचा 'ज' मराठी आहे." मग एक कणीस माझ्या हातात दिलंस. "झटका बघू. काही पडतंय? नाही ना? हिला पराग नाही. जन्मजात." दोन मजले येईपर्यंत तू मला तुझा सगळा धंदा समजावून सांगितला होतास. तेव्हा मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये माणसांचं रक्त तपासत होते. महिन्याभरात तू मला तुमच्या बियाणं कंपनीत ओढलंस. "रक्त सोड, पानं तपास. पानं रिपोर्ट कधी येणार म्हणून फोन करत नाहीत." इथं कुणी कुणाला अशी नोकरी मिळवून देत नाही, विभा. जो तो आपला व्हिसा सांभाळून असतो. तू माझ्यासाठी मल्होत्रांच्या खोलीत जाऊन बसलीस, काम होईपर्यंत उठली नाहीस. ते मी विसरले नाही. पण उपकार आठवले की राग कमी होतो असं कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे.

शेतावर पाहुणे आले की तू त्यांना समजावून सांगायचीस. मी ते इतक्यांदा ऐकलंय की तुझ्या आवाजात पाठ आहे. प्रत्येक पेशीत बारीक बारीक चुली असतात, मायटोकॉन्ड्रिया. पेशीला लागणारी शक्ती त्यांच्यात शिजते. त्या चुलींचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि तो येतो फक्त आईकडून. बाप पराग देतो, त्या परागातून बाकी सगळं येतं, पण चुली येत नाहीत. आपल्या बाजरीच्या मदर लाइनमध्ये, म्हणजे जिच्यावर बी धरायचं त्या आई-वाणात, कधीतरी हा छोटा डीएनए तुटला आणि भलत्याच जागी सांधला गेला. त्या चुकीच्या सांध्यामुळे झाडाचे परागकोश वाळलेले निघतात. झाड धडधाकट, कणीस भरदार, पण पराग नाही. आणि हा दोष आई आपल्या प्रत्येक लेकराला देते. "बियाणंवाल्यांना असा दोष म्हणजे लॉटरी," तू म्हणायचीस. "आईला स्वतःचा पराग नाही, म्हणजे शेजारी लावलेल्या बापाचाच घेणार. सगळं बी संकरित. आपली सगळ्यांची पोटं एका मोडक्या डीएनएवर भरतात." पाहुणे हसायचे. मल्होत्रांना 'मोडक्या' हा शब्द आवडायचा नाही.

मग गेल्या हिवाळ्यात ते झालं. अल ऐनच्या रस्त्यावरच्या आपल्या शेतात मदर लाइन फुलोऱ्यात होती. तू सकाळी फोन केलास. "मंजू, आत्ता ये. लॅब राहू दे." मी पोचले तर तू ओळीत उभी होतीस, तळहात पुढे केलेला. त्यावर पिवळी धूळ. पराग नसलेल्या झाडाचा पराग. अशी तुरळक झाडं साऱ्या प्लॉटभर होती.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. तू म्हणालीस, आई बदलली आहे. तुटलेला सांधा उलटा फिरून पहिल्यासारखा झालाय, मायटोकॉन्ड्रियाच पालटलेत. मी म्हटलं, शेजारच्या प्लॉटमधून पराग उडून आला असेल गेल्या हंगामात, त्यातून ही झाडं निपजली. यात फरक मोठा होता. बाहेरचा पराग असेल तर तो एका लॉटचा प्रश्न, झाडं उपटली की मिटलं. पण आईच पालटत असेल, तर मूळ बियाण्यातच कीड. ती दर पिढीला वाढणार, आणि आपण संकरित म्हणून विकलेलं बी संकरित राहणार नाही. ते बी नायजरला जाणार होतं. तिकडे बाजरी म्हणजे जेवण. दुसरं काही नाही.

मी पानांचा डीएनए तपासला. यंत्रानं दोन्ही उत्तरं दिली. मोडकी जुळणीही दिसली, पहिली जुळणीही दिसली. मायटोकॉन्ड्रिया तसे असतातच, एकाच झाडात दोन्ही जातींचे नांदतात. कोणाची चालते ते माझ्या लॅबमधून कळेना. तेव्हा तू म्हणालीस, "मग झाडालाच विचारू." पराग देणाऱ्या झाडांची कणसं पिशव्या घालून बांधलीस, त्यांचं त्यांचं बी धरलंस. आणि त्यांचाच पराग नेऊन तू वांझ, म्हणजे पराग नसलेल्या, झाडांवर शिंपडलास. ते दुसरं बी महत्त्वाचं. दोष बरा होण्याचं कारण बाहेरच्या परागातून आलं असेल, तर ते परागातून पुढेही जाईल आणि निम्मी तरी लेकरं पराग देतील. पण कारण मायटोकॉन्ड्रियात असेल, तर ते परागातून जाणारच नाही, सगळी लेकरं वांझच निघतील. साधी गोष्ट. तू दोन्ही बी वेगवेगळ्या ओळींत पेरलंस, आता फक्त फुलोऱ्याची वाट बघायची.

मल्होत्रांना वाट बघायची नव्हती. त्या मीटिंगमध्ये तू टेबलावर हात आपटलास. "मैं साइन नहीं करूँगी. फुलोरा आने दीजिए." ते म्हणाले, "विभाजी, दो-चार पौधे हैं. थोड़ी मिलावट हर लॉट में होती है." तू म्हणालीस, "मिलावट नहीं है, माँ बिगड़ी है!" मल्होत्रांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बाहेरचा परागही असू शकतो, अजून सांगता येत नाही. तेव्हा जे मला खरं वाटत होतं तेच बोलले. तू बाहेर येऊन मला म्हणालीस, "चुकतेयस, पण खोटं बोलली नाहीस. चल, चहा पाजते." हे असं वागून तू माणसाला धड भांडूही द्यायची नाहीस.

आता दाताचं बोलू.

जानेवारीपासून तू गाडी चालवताना एका हातानं जबडा चोळत होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, "अक्कलदाढ. या वयात अक्कल येतेय." मी डेंटिस्टचं नाव सांगितलं. "फुलोरा येऊ दे, मग जाते." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. फुलोरा येऊ दे. जसं काही फुलोरा तुझ्यासाठी थांबणार होता आणि दाढही.

रमजान लागून काही दिवस झाले होते. ऑफिसच्या वेळा कमी झाल्या होत्या, पण तू शेतावर रोज जात होतीस. त्या सकाळी तुझ्या श्रीकांतचा फोन आला, "मंजिरी, वर ये." एवढंच. मी दोन मजले जिन्यानं चढले. तू दाराशी पडली होतीस, एक बूट घातलेला, एक हातात. श्रीकांत तुझ्या छातीवर दाब देत होता आणि मोजत होता, मोजताना चुकत होता आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता. रेवा दप्तर पाठीवर घेऊन भिंतीला टेकून उभी. खाली तिची स्कूलबस हॉर्न देत होती. कुणीतरी जाऊन त्या बसवाल्याला जा म्हणून सांगायला हवं होतं. कुणालाच सुचलं नाही. तो देतच राहिला.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होती, मल्याळी. तिनं कॉम्प्युटरवर तुझं नाव घातलं आणि तिचा चेहरा बदलला. म्हणाली, या जानेवारीत आमच्याकडेच आल्या होत्या, हृदयाच्या डॉक्टरांनी लगेच अँजिओग्राफी करायला सांगितली होती. यांनी तारीख पुढे ढकलली. मग पुन्हा. मग पुन्हा.

श्रीकांत माझ्याकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"मला दात सांगितला तिनं."

"मला अ‍ॅसिडिटी म्हणाली," तो म्हणाला. "मी रोज फार्मसीतून ते गुलाबी औषध आणून देत होतो."

रेवा मागे उभी होती. ती म्हणाली, "शी टोल्ड मी इट वॉज हर शोल्डर."

तीन माणसांना तीन दुखणी वाटून दिलीस तू! जबडा मला, पोट नवऱ्याला, खांदा लेकीला. आम्ही तिघं एकदा जरी जेवायला बसून बोललो असतो तरी जमलं असतं ते गणित, म्हणून तू तशी वेळच येऊ दिली नाहीस. माहिती कुणाला किती द्यायची हे मल्होत्रांना कळतं म्हणून तू त्यांना शिव्या द्यायचीस. तू काय वेगळं केलंस? पिशव्यांवर एक अक्षर चुकलं तर माझ्यावर ओरडणारी तू, स्वतःबद्दल प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी लावून मोकळी झालीस.

तुझ्या आईला प्रवास झेपणार नव्हता, म्हणून तिनं अमरावतीहून व्हिडिओ कॉलवर पाहिलं. फोन मी धरला होता. कागदपत्रांत दोन दिवस गेले होते, आणि तुझा चेहरा तुझा राहिला नव्हता. तुझी आई म्हणाली, "मंजिरी, तिचा भांग कुणी पाडला? ती डावीकडून पाडते." मी श्रीकांतकडे फोन दिला आणि कंगवा मागितला. तिथल्या माणसाला वाटलं काही धार्मिक विधी आहे, तो अदबीनं बाजूला झाला. मी तुझा भांग डावीकडून पाडला. "हं," तुझी आई म्हणाली. "आता न्या." त्या क्षणी मला तुझा राग नव्हता. खरं सांगते, तेवढा वेळ नव्हता.

तो राग परत यायला मल्होत्रांनी मदत केली. आठवडा उलटला नव्हता. मला खोलीत बोलावलं, दार लावलं. "मंजिरीजी, फिलहाल क्वालिटी आप देखेंगी. लॉट शारजाह के गोदाम में पड़ा है. रिलीज साइन कर दीजिए. फॉर्मॅलिटी है."

मी म्हटलं, "विभा की कतारें अभी फूली नहीं हैं."

"वो तो कंटॅमिनेशन है. आपने ही मीटिंग में कहा था."

"मैंने कहा था, हो सकता है."

ते हसले. "देखिए, आपके हज़बंड अभी जॉब ढूँढ रहे हैं ना? बच्चों का वीज़ा भी आप पर है. मैं बस याद दिला रहा हूँ."

"याद है, सर," मी म्हटलं, आणि उठले.

घरी जाऊन संजयला सांगितलं. तो म्हणाला, "ती बाई गेली तरी आपल्या घरात भांडणं लावते आहे." आणि थोड्या वेळानं, "नको करू सही." तुला सांगून ठेवते, माझा नवरा भित्रा आहे असं तू दोनदा म्हणाली होतीस. परत घे ते.

पण तू मला काय करून ठेवलंस ते बघ. बरोबर तू होतीस की मी, हे मला माहीत नव्हतं. ज्या गोष्टीवर माझा विश्वास नव्हता तिच्यासाठी मी नोकरी पणाला लावून बसले होते. तुझी लढाई, तुझा हट्ट, तुझ्या ओळी. त्यांच्यापायी तू तपासणी टाळलीस, आणि नंतर त्या माझ्या गळ्यात घालून निघून गेलीस. मी विचारते, कुणाला विचारून?

शनिवारी शेतावर गेले तर तुझ्या ओळींची पानं सुरळ्या होऊन उभी होती. माती कोरडी ठाक. इस्माईल, आपला महाडचा, शेडच्या सावलीत बसला होता. रोजा होता त्याचा. मला पाहून उठला.

"इस्माईल, पाणी?"

"सायबांनी व्हॉल्व बंद करायला सांगितला, मॅडम. म्हनले, ट्रायल खलास."

"कधीपासून?"

"झाले तीन-चार दिवस." तो माझ्याकडे बघत नव्हता. "विभा मॅडमच्या ओळी हायत, मला काय ठाऊक नाय? पन मी कुनाला इचारू?"

मी व्हॉल्वपाशी गेले. तो इतका घट्ट होता की हाताची साल निघाली. इस्माईल पुढे आला नाही. मला त्याचा राग आला नाही, त्याचीही घरी चार माणसं आहेत. ठिबकच्या नळीत हवा फुसफुसली आणि मग पाणी आलं. तो म्हणाला, "मॅडम, माझं नाव नका घेऊ."

"सायबांनी विचारलं तर सांग, मी उघडला. अडवलं तर ऐकलं नाही म्हण."

"इन्शाल्ला, नाय इचारनार," तो म्हणाला. त्यानंतर तो व्हॉल्व पुन्हा बंद झाला नाही. रोज कोण सोडत होतं ते मी विचारलं नाही.

फुलोरा आला तो ईदच्या सुट्टीत. तुला चेष्टा सुचली असती यावर, मला काही सुचत नव्हतं. मी निघाले तेव्हा रेवा लिफ्टपाशी उभी होती. "आय वॉन्ट टु सी व्हॉट वॉज सो इम्पॉर्टंट," ती म्हणाली. गाडीत ती खिडकीतून वाळू बघत बसली, आणि मी गाणी लावायला गेले तर हात पुढे करून तिनं बंद केली.

शेतात कुणी नव्हतं. मी तिला पहिली ओळ दाखवली, पराग देणाऱ्या झाडांच्या स्वतःच्या बियांची. "कणीस तळहातावर झटक." तिनं झटकलं. हात पिवळा झाला. ओळभर, झाडामागून झाड, पिवळा.

मग दुसरी ओळ. त्याच झाडांचा पराग वांझ झाडांवर घालून धरलेलं बी. मी तिला सांगितलं की इथं निम्म्या झाडांतून धूळ पडली तर मी बरोबर, आणि एकातूनही पडली नाही तर तुझी आई बरोबर. तिनं पहिलं कणीस झटकलं. काही नाही. दुसरं. काही नाही. ती भराभरा पुढे गेली, जोरात, कणसं मोडतील अशी. परागकोश बारीक, वाळके, तपकिरी. ओळ संपत आली तरी तिचा हात कोरडा.

"सो शी वॉज राइट."

"हो. तुझी आई बरोबर होती."

"ग्रेट," रेवा म्हणाली, आणि हात जीन्सला पुसला.

विभा, तू बरोबर होतीस हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं तुला ओळीच्या टोकाशी उभं करून खडसावावं. तुझ्याशिवायही त्या फुलल्या असत्या! महिनाभर तू हॉस्पिटलात पडून राहिली असतीस तरी हेच उत्तर आलं असतं. बाजरीला काय माहीत कोण बघायला आलंय? मी आले असते रोज. तू नुसतं म्हणायचं होतंस.

आणि अजून एक. दुसऱ्या ओळीतल्या शेवटून तिसऱ्या झाडानं किंचित पराग दिला. अगदी किंचित. मी म्हणेन, पिशवी फाटली असेल, कुठून तरी पराग शिरला. तू म्हटलं असतंस, कधी कधी बापाच्याही चुली गुपचूप आत शिरतात, पुस्तकं काहीही म्हणोत. त्या झाडाला मी पिशवी बांधून ठेवली आहे, बी धरीन, पुढचं बघू. पण भांडायचं कोणाशी, ते सांग.

मी सगळं लिहून मल्होत्रांना पाठवलं, प्रत वरच्या लोकांना. खाली तुझं नाव आधी घातलं, माझं नंतर. माझा आधीचा अंदाज चुकला होता तेही लिहिलं. मग लॅबमध्ये नव्या ओळींची पानं लावली. पराग देणाऱ्यांत आता मोडकी जुळणी जवळपास दिसेनाशी झाली होती, वांझ झाडांत ठळक. वरून कोणाचा तरी फोन गेला असावा, कारण दुसऱ्याच दिवशी लॉट थांबला. आता तो कोंबड्यांच्या खाद्यासाठी विकलाय. मदर लाइन नवी आणणार आहेत, दुसऱ्या मायटोकॉन्ड्रियाची. नायजरला कळवलं की बियाणं उशिरा येईल, दुसऱ्या ठिकाणचं. तिकडच्या कुणाला तुझं नाव कळणार नाही, आणि तुला त्याचं काही वाटलं नसतं. मला वाटतं.

मग मल्होत्रांनी सगळ्यांना मेल पाठवला. आपल्या कंपनीची गुणवत्तेची पद्धत किती भक्कम आहे, त्याचं हे उदाहरण म्हणे. तुझा तोच डोळे मिटलेला फोटो. मी उत्तर लिहिलं, सगळ्यांना जाईल असं, फक्त एका वाक्याचं: हिनं सही नाकारली होती. पाठवलं. माझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय. नूतनीकरणाबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही. संजयला शारजात एक इंटरव्ह्यू आला आहे. बघू.

रेवानं त्या ईदच्या दिवशी शेतावरून परतताना अखेर तोंड उघडलं. अर्धा रस्ता झाल्यावर, समोर बघत. "मावशी, डिड आय गेट इट फ्रॉम हर? द हार्ट थिंग. लाइक द प्लांट्स?"

तेरा दिवसांत घरी आलेल्या एकाही मोठ्या माणसानं तिच्याशी हे बोलणं केलं नव्हतं. सगळे तिला म्हणत होते, आई तुझ्यातच आहे. ती बिचारी त्याच वाक्याला घाबरली होती. मी गाडी बाजूला घेतली. म्हटलं, मायटोकॉन्ड्रिया सगळे आईकडूनच आलेत तुला. पण हे दुखणं तसं नाही. हृदयाचं आईकडून येऊ शकतं, बाबांकडून येऊ शकतं, कुणाकडूनही न येता होऊ शकतं. तुझे मामाही हृदयानंच लवकर गेले, त्यामुळे तुझी तपासणी करायला हवी. घाबरायला नको, पण करायला हवी.

"शी न्यू? अबाउट मामा?"

"माहीत होतं."

ती म्हणाली, "कॅन वी गो सून? नॉट लाइक, आफ्टर एक्झाम्स?"

आम्ही गेलो, विभा. त्याच आठवड्यात. श्रीकांतला मी फोन करून सांगितलं, विचारलं नाही. तो आला, बाहेर बाकावर बसून राहिला, हातात तिची हुडी. डॉक्टरांनी सगळं केलं, छातीला तारा लावल्या, पडद्यावर हृदय दाखवलं. आत्ता काही नाही, म्हणाले, दरवर्षी या. पुढच्या वर्षीची तारीख मी तिथंच घेतली.

श्रीकांत ऑफिसला गेला. रेवा आणि मी खालच्या कॅफेटेरियात शावर्मा घेऊन बसलो. तुझ्या जाण्यानंतर ती काही धड जेवत नव्हती. एक घास खाऊन म्हणाली, "आय एम सो मॅड अ‍ॅट हर."

"मी पण."

"नो, लाइक, रिअली मॅड."

"मग बोल."

आणि ती बोलली. तू तिच्या वाढदिवसाला शेतावर होतीस ते. तिच्या बाथरूमच्या बेसिनमध्ये तू बी भिजत घालायचीस ते. खांद्याला तिनं रोज मलम चोळलं आणि तू "बरं वाटतंय" म्हणत राहिलीस ते. इंग्रजीत सुरू झाली आणि मध्येच तिला कळलंही नाही, मराठीत आली. मीही भर घातली, तुझा हट्ट, तुझं ड्रायव्हिंग, तुझा तो बिनमिठाचा उपमा. तास-दीड तास आम्ही दोघींनी तुला मनसोक्त नावं ठेवली. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघत होते.

तिनं दुसरा शावर्मा मागवला, आणि तोही संपवला.